मिरासदार, उपरी आणि पेंढारी

गेल्या आठवड्यात या सदरात गुलमोहराविषयी चार कौतुकाचे शब्द लिहिले, तर एका वाचकांनी पत्र पाठवून माझी चांगलीच हजेरी घेतली. मादागास्करहून आलेल्या या परदेशी वृक्षाची तारीफ करणारा गृहस्थ त्याच लेखात घाणेरीच्या समूळ उच्छेदाचा आग्रह कोणत्या तोंडाने धरतो, असा त्यांचा सवाल आहे; आणि परदेशी व आक्रमक हे दोन शब्द आपल्या सभांतून ज्या सढळपणे एकमेकांच्या जागी वापरले जातात, ते पाहता हा सवाल गैरवाजवी म्हणवत नाही.

जुन्या गावगाड्यात जमीन कसणारे दोन दर्जांचे असत : पिढीजाद वहिवाटीचा मिरासदार आणि परगावाहून येऊन कौलाने जमीन कसणारा उपरी. उपऱ्याला मिरासदाराचा मानपान नसे, परंतु तेवढ्यावरून त्याला कोणी दरोडेखोर ठरवीत नसे. मुलूख लुटणारा पेंढारी निराळाच. सह्याद्रीतील ऐन, हिरडा, पांगारा ही मंडळी आमची मिरासदार. मिरची, पेरू, काजू, सीताफळ हे पोर्तुगीज अमदानीत सागर ओलांडून आलेले उपरी. त्यांपैकी सीताफळ बालाघाटच्या डोंगरांत आपण होऊन रुजले आहे, तरी त्याच्याविरुद्ध कोणाची फिर्याद ऐकिवात नाही. चिंच तर मूळची आफ्रिकेची, पण येथे इतकी पूर्वापार नांदली की अरबांनी तिला ‘हिंदचा खजूर’ म्हणून जणू मिरासीची सनदच बहाल केली.

घाणेरीचे प्रकरण असे नाही. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी बागेची शोभा म्हणून ती कलकत्त्यास आणली गेली. पाने विषारी असल्यामुळे गुरे तिला तोंड लावीत नाहीत. तिची काळी फळे मात्र बुलबुलादी पक्षी आवडीने खाऊन बी रानोमाळ टाकतात, आणि जेथे तिची जाळी दाटते तेथे तिच्याखाली देशी वृक्षांच्या रोपांना डोके वर काढता येत नाही. तिचाच भाऊबंद शोभावा असे गाजर गवत पुण्यात 1955 साली उकिरड्यांवर प्रथम दृष्टीस पडले. त्याचे एकेक रोप दहा हजारांहून अधिक बिया टाकते, त्याच्या अंगची द्रव्ये मातीत उतरून शेजारच्या बियांचे अंकुरण खुंटवितात, आणि उपटणाऱ्याच्या हाताला खाज सुटते ती वेगळीच. (अमेरिकेशी झालेल्या पी. एल. 480 च्या करारातल्या गव्हातून ते आले असे जो तो सांगतो. परंतु तो करार 1956 च्या ऑगस्टातला, म्हणजे गवत दिसल्यानंतरचा. अमेरिकेचा गहू त्याआधी, 1951 च्या कर्जातही आलाच होता. तेव्हा संशय घ्यायचा तर गव्हाचा घ्यावा, कराराचा नको.)

देशीपणाचा ज्यांना विशेष अभिमान आहे त्यांनी आमच्या साळुंकीची कैफियत ऐकावी. पिकांवरील कीड खाईल या आशेने 1862 साली तिला मेलबर्नला नेले, आणि आज तेथील पक्ष्यांना ढोलीबाहेर हुसकावून लावणारी गुंड म्हणून तिची ख्याती आहे. आमची काटेरी बाभूळ क्वीन्सलंडच्या कुरणांत सावलीसाठी आणि चाऱ्यासाठी लावली गेली. पुढे तिने कुरणेच गिळली. मुंगसाची हकीकत तर हास्यास्पद आहे : उसातले उंदीर मारण्याच्या कामगिरीवर 1872 साली त्याची रवानगी जमैकात झाली, परंतु उंदीर रात्री हिंडतात आणि मुंगूस दिवसा शिकार करते, हे हुकूम काढणाऱ्यांनी ध्यानात घेतले नाही, आणि त्याचा फटका तेथील पक्ष्यांना व सरपटणाऱ्या प्राण्यांना बसला. येथे सापाचा वैरी म्हणून आपण ज्याला मान देतो, तोच तेथे पेंढारी ठरला.

पत्रलेखकांना एवढेच कळवितो की आमच्या अंगणातील गुलमोहर जेथे लावला तेथेच उभा आहे. कुंपणापलीकडची घाणेरी गेल्या पावसाळ्यात गडी लावून तोडविली होती. आज सकाळी पाहतो तो बुडख्यांना हातभर फुटवे आले असून, त्यांवर पिवळ्या-गुलाबी फुलांचे गुच्छही डोलत आहेत.