बचाव एकट्या गोलरक्षकाचा नसतो

भारतीय हॉकीच्या इतिहासात १-७ हा गोलफलक दोनदा ठळकपणे कोरला गेला आहे. पहिल्यांदा १९८२ मध्ये, दिल्लीतील आशियाई क्रीडा स्पर्धेच्या अंतिम सामन्यात पाकिस्तानविरुद्ध, आणि दुसऱ्यांदा जुलै २०२१ मध्ये, टोकियो ऑलिंपिकच्या साखळी सामन्यात ऑस्ट्रेलियाविरुद्ध. पराभवाचे अंतर तेच, पण त्यानंतर जे घडले त्यात जमीन-अस्मानाचा फरक होता. दिल्लीतील पराभवाचे सारे खापर गोलरक्षक मीररंजन नेगी यांच्या माथी फोडण्यात आले. त्यांच्या निष्ठेवर शंका घेण्यापर्यंत काहींची मजल गेली. टोकियोत मात्र गोलरक्षक श्रीजेशकडे कोणी बोट दाखवले नाही. संघ सावरला, पुढच्याच सामन्यात त्याने स्पेनला ३-० असे नमवले आणि अखेर जर्मनीला ५-४ असे हरवून ४१ वर्षांनी ऑलिंपिक पदक मिळवले.

दिल्लीतील त्या सामन्यात पहिला गोल भारताचाच होता, हे आज फारसे कोणाच्या स्मरणात नाही. सात गोल एकट्या गोलरक्षकामुळे होत नसतात. चेंडू त्याच्यापर्यंत पोहोचण्यापूर्वी मैदानावरील इतर दहा जणांना तो अडवण्याची संधी मिळालेली असते. याच नेगी यांच्या मार्गदर्शनाखाली तयार झालेले गोलरक्षक १९९८ च्या बँकॉक आशियाई स्पर्धेतील सुवर्णविजेत्या संघात होते, हा काळाने घेतलेला न्यायच म्हणावा लागेल.

श्रीजेशने २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकनंतर निवृत्ती घेतली आणि हा जुना प्रश्न पुन्हा समोर आला. भारताला गोल पडला की 'श्रीजेश असता तर...' हे वाक्य प्रेक्षकांच्या ओठांवर येते. भावना समजण्यासारखी आहे. परंतु तिच्या आहारी गेल्यास खरे दुखणे नजरेआड होण्याची भीती आहे.

अठरा केले, सव्वीस दिले

जून २०२५ मध्ये प्रो लीगच्या युरोपमधील टप्प्यात भारताने आठ सामने खेळले. त्यांपैकी पहिले सात गमावले आणि अखेरच्या सामन्यात बेल्जियमला ४-३ असे हरवले. सातपैकी सहा पराभव अवघ्या एका गोलाच्या फरकाने झाले. या आठ सामन्यांत भारताने १८ गोल केले आणि २६ गोल स्वीकारले.

हे आकडे पुरेसे बोलके आहेत. नेदरलँड्स, अर्जेंटिना, ऑस्ट्रेलिया आणि बेल्जियम अशा तुल्यबळ संघांविरुद्ध सामन्यागणिक दोनहून अधिक गोल करणाऱ्या संघाची आघाडीची फळी बोथट झाली आहे, असे म्हणता येणार नाही. पण सामन्यागणिक तीनहून अधिक गोल देणारा संघ जगज्जेता होण्याचे स्वप्न पाहू शकत नाही. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये राजगीर येथे कोरियाला ४-१ असे नमवून भारताने आशिया चषक जिंकला आणि २०२६ च्या विश्वचषकाचे तिकीट मिळवले. तरीही सलामीच्या लढतीत चीनने भारताला तीन गोल चढवले होते, याकडे विजयाच्या जल्लोषात दुर्लक्ष झाले.

पेनल्टी कॉर्नर जन्माला कोठे येतो?

आधुनिक हॉकीत बचावाची परीक्षा प्रामुख्याने पेनल्टी कॉर्नरवर होते. गोलरेषेमागे गोलरक्षकासह पाचच खेळाडू उभे राहू शकतात. उर्वरित संघ मध्यरेषेपलीकडे असतो. ताशी शंभर किलोमीटरच्या आसपास वेगाने येणारा ड्रॅगफ्लिक अडवण्यासाठी गोलरक्षकाला निमिषमात्र मिळते. टोकियोच्या उपांत्य सामन्यात बेल्जियमने १४ पेनल्टी कॉर्नर मिळवले आणि ५-२ असा विजय साकारला. अलेक्झांडर हेन्ड्रिक्सने एकट्याने तीन गोल केले.

येथे चर्चा बहुधा कॉर्नर कसा अडवावा, याचीच होते. तो मिळालाच का, हा प्रश्न मात्र मागे पडतो. पेनल्टी कॉर्नर गोलवर्तुळात दिला जात असला तरी त्याचा जन्म अनेकदा चाळीस मीटर पुढे झालेला असतो. आघाडीवीर एकाला चकवून दुसऱ्याला चकवण्याच्या मोहात चेंडू गमावतो. मधल्या फळीतील खेळाडू तोपर्यंत पुढे गेलेला असतो. प्रतिस्पर्धी दोन पासमध्ये वर्तुळापाशी येतो. उशिरा पोहोचलेल्या बचावपटूपुढे मग स्टिक घालण्यावाचून पर्याय उरत नाही आणि चेंडू पायाला लागतो किंवा फाउल होतो. गोलफलकावर चूक बचावपटूच्या नावे लागते, प्रत्यक्षात ती तीन खेळाडूंच्या आधी सुरू झालेली असते.

गेल्या शतकाच्या अखेरीस ऑफसाइडचा नियम रद्द झाल्यापासून तर ही साखळी अधिकच महत्त्वाची ठरली आहे. प्रतिस्पर्धी आघाडीवीर आता थेट गोलरक्षकाजवळ उभा राहू शकतो. त्याच्यापर्यंत जाणारा पास रोखणे हे काम मागे उभ्या असलेल्यांपेक्षा पुढे असलेल्यांच्या हाती अधिक असते. चेंडू गमावल्यानंतरच्या पहिल्या काही सेकंदांत आघाडीवीराने मागे वळून दबाव टाकला आणि प्रतिस्पर्ध्याला बाजूच्या रेषेकडे ढकलले, तर वर्तुळातील निम्मे संकट टळते.

पॅरिसने दिलेले दोन धडे

याचा उत्तम पुरावा भारतीय संघानेच दिला आहे. ४ ऑगस्ट २०२४ रोजी ग्रेट ब्रिटनविरुद्धच्या उपांत्यपूर्व सामन्यात १७ व्या मिनिटाला अमित रोहिदासला लाल कार्ड मिळाले. उर्वरित सुमारे ४३ मिनिटे भारत दहा खेळाडूंनिशी खेळला. एवढ्या वेळात ब्रिटनला एकच गोल करता आला. १-१ बरोबरीनंतर शूटआउटमध्ये भारताने ४-२ अशी बाजी मारली. श्रीजेशची कामगिरी अलौकिक होती यात शंका नाही. परंतु त्याच्यापुढे आघाडीवीरही मागे येऊन जागा बुजवत होते, हेही तितकेच खरे. एक खेळाडू कमी असताना जी शिस्त दिसली, ती अकरा जण मैदानात असताना नेहमी का दिसत नाही, हा प्रश्न चाहत्यांनी विचारायला हवा.

दुसरा धडा दोनच दिवसांनी मिळाला. निलंबनामुळे रोहिदास उपांत्य सामन्यात खेळू शकला नाही. पेनल्टी कॉर्नरच्या वेळी फ्लिकरच्या अंगावर सर्वप्रथम धावून जाण्याचे जोखमीचे काम तो करीत असे. जर्मनीने पेनल्टी कॉर्नर, पेनल्टी स्ट्रोक आणि अखेरच्या सत्रातील मैदानी गोल यांच्या बळावर सामना ३-२ असा जिंकला. पराभव केवळ त्याच्या अनुपस्थितीमुळे झाला, असे म्हणणे अतिशयोक्तीचे ठरेल. मात्र एका खेळाडूच्या गैरहजेरीची एवढी चर्चा व्हावी, यातच व्यवस्थेतील उणीव दिसते.

निवड कशाच्या आधारावर?

भारतीय बचावफळीच्या घडणीत एक जुना पेच आहे. जुगराजसिंग, संदीपसिंग, रघुनाथ, रूपिंदरपाल आणि हरमनप्रीत ही नावे बचावपटूंची, पण ती देशाला ठाऊक झाली ती ड्रॅगफ्लिकमुळे. गोल करणारा बचावपटू हे संघाचे भाग्यच आहे. हरमनप्रीतने पॅरिसमध्ये दहा गोल केले नसते, तर कांस्यपदक हाती लागले नसते. तथापि, या यशामुळे मागच्या फळीत खेळू इच्छिणारा मुलगा आधी फ्लिक शिकतो आणि चेंडू हिरावून घेण्याचे कसब नंतर, ही शक्यता नाकारता येत नाही. संघाला फ्लिकर हवाच. पण त्याच्या शेजारी निव्वळ बचावासाठी निवडलेला खेळाडूही हवा. कनिष्ठ गटाच्या स्पर्धांमध्ये सर्वाधिक गोल करणाऱ्याचे कौतुक होते, तसे सर्वाधिक चेंडू अडवणाऱ्याचेही झाले पाहिजे.

महाराष्ट्रातील हॉकीप्रेमींनाही हे लागू आहे. खडकीच्या धनराज पिल्लेच्या धावा आजही चवीने आठवल्या जातात. मधल्या फळीत खपणारा मुंबईकर वीरेन रस्किना, गोलरक्षक एड्रियन डिसूझा किंवा सूरज करकेरा यांच्या वाट्याला ते भाग्य अभावानेच येते.

बचाव म्हणजे भित्रेपणा नव्हे

क्रेग फुल्टन यांनी २०२३ मध्ये प्रशिक्षकपदाची सूत्रे घेताना 'बचावातून विजय' हे धोरण मांडले, तेव्हा आक्रमक आशियाई शैलीला मूठमाती मिळणार, अशी धास्ती काहींना वाटली होती. ही धास्ती अनाठायी आहे. फुल्टन त्यापूर्वी ज्या बेल्जियम संघाचे साहाय्यक प्रशिक्षक होते, त्याने २०१८ च्या विश्वचषकाचा अंतिम सामना गोलशून्य बरोबरीनंतर आणि टोकियोतील अंतिम सामना १-१ बरोबरीनंतर शूटआउटमध्ये जिंकला. मोठ्या सामन्यांत गोल दुर्मीळ होतात. अशा वेळी न दिलेला गोल केलेल्या गोलाइतकाच मोलाचा ठरतो. याउलट २०२३ च्या विश्वचषकात न्यूझीलंडविरुद्ध ३-१ अशी आघाडी घेऊनही भारताने ती गमावली आणि शूटआउटमध्ये घरच्या प्रेक्षकांसमोर स्पर्धेबाहेर जाण्याची नामुष्की ओढवून घेतली.

भारताने आजवर एकदाच, १९७५ मध्ये, विश्वचषक जिंकला आहे. दुसऱ्या विश्वविजयासाठी नव्या श्रीजेशचा शोध घेण्यापेक्षा गोलरक्षकावर येणारा भार हलका करणे अधिक निकडीचे आहे. आघाडीवीराला त्याच्या गोलांबरोबरच त्याने परत मिळवलेल्या चेंडूंचाही जाब विचारला जावा. प्रशिक्षकांनी तो विचारावाच. पण प्रेक्षकांनीही विचारला, तर १९८२ साली एका गोलरक्षकावर झालेल्या अन्यायाची पुनरावृत्ती तरी टळेल.