पाठांतराने गाडी चालत नाही

मोटार म्हटले, की आपल्या मराठवाड्यात विहिरीवरचा पंप आठवतो. विजेवर फिरणारी तशीच एक अंगठ्याएवढी मोटार रोबोटगाडीत असते. तिच्यात चुंबक आणि तारेचे वेटोळे असते. वेटोळ्यातून वीज वाहू लागली, की ते फिरते. ते वेगाने फिरते, पण त्यात जोर कमी असतो. म्हणून मोटार आणि चाक यांच्यामध्ये लहानमोठी दातेरी चाके बसवतात. त्यामुळे वेग कमी होतो व जोर वाढतो.

गाडीच्या डाव्या व उजव्या चाकाला वेगळी मोटार असते. पुढे कोणत्याही दिशेला वळणारे एक लहान चाक असते. दोन्ही मोटारी सारख्या वेगाने फिरल्या, की गाडी सरळ जाते. डावी थांबवली, की गाडी डावीकडे वळते. एक पुढे व दुसरी मागे फिरवली, की गाडी जागच्या जागी गिरकी घेते.

एवढे तर तुम्ही सहज पाठ कराल. परीक्षेच्या तयारीसाठी 'लातूर पॅटर्न' साऱ्या महाराष्ट्रात प्रसिद्ध आहे. गुण मिळवणे चांगलेच. परंतु माझ्या मते गाडी स्वतः जोडल्याशिवाय हा धडा पुरा होत नाही. पुस्तकातली गाडी नेहमी सरळ जाते. तुमची गाडी मात्र तिरकी जाईल. एखादे चाक घट्ट बसले असेल, एखादी तार सैल असेल. तो दोष शोधताना जे समजते, ते पाठांतराने समजत नाही.

गणिताचेही तसेच. ७ सेंटिमीटर व्यासाचे चाक एका फेरीत सुमारे २२ सेंटिमीटर पुढे जाते. मग १० फेऱ्यांत किती? आधी वहीत मांडा, मग जमिनीवर मोजा. उत्तर कमी आले, तर चाक कोठे घसरले ते पाहा.

"एवढे साहित्य कोठून आणायचे?" असे तुम्ही विचाराल. मोडक्या खेळण्यांतील मोटारी व दातेरी चाके, पुठ्ठा आणि टॉर्चचे सेल पुरेत. घरातील वीज मात्र कधीही जोडू नका. आणखी एक सांगतो. मुलांनी गाडी जोडायची व मुलींनी फक्त वही लिहायची, असे होऊ देऊ नका.

नांदेडला विष्णुपुरीत १९८१ पासून अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. लातूरजवळ रेल्वे डब्यांच्या कारखान्याची पायाभरणी २०१८ मध्ये झाली. अशा ठिकाणी डोक्याबरोबर हातही चालणारी माणसे लागतात. उर्दूत पहिया म्हणा, मराठीत चाक म्हणा; त्याच्या फिरण्याचा नियम एकच आहे. तो आपल्या हातांनी पडताळून पाहा.