तुमच्याबद्दल काही सांगा

‘टेल अस समथिंग अबाउट युवरसेल्फ.’

एवढंच विचारलं त्यांनी. टेबलापलीकडे चार माणसं. साल २०११. राज्याबाहेरचं एक मेडिकल कॉलेज. नाव लिहीत नाही. नावाने काही फरक पडत नाही. लेखी परीक्षेत मी पास झालो होतो. आता माणूस म्हणून पास व्हायचं होतं.

माझ्याबद्दल काय सांगू? कल्याण पूर्व, कोळसेवाडी. चाळीतली एक खोली, सहा माणसं. बाप एका पालिकेत सफाई कामगार. गटाराच्या चेंबरमध्ये उतरणारा. हे सगळं तोंडात होतं. पण त्याआधी डोंबिवलीत एका क्लासवाल्याला पैसे मोजले होते. पर्सनॅलिटी डेव्हलपमेंट. तो म्हणाला, ‘वडील सफाई कामगार असं नको बोलूस. पब्लिक हेल्थमध्ये आहेत म्हण. खोटं पण नाही आणि ऐकायला बरं.’

मी तेच म्हणालो.

एकजण खूश झाला. ‘अरे वा, डॉक्टर आहेत?’

‘नाही.’

‘मग?’

मग मी गप्प. चौघांनी एकमेकांकडे बघितलं. कोणी हसलं नाही, कोणी शिवी दिली नाही. फाईल उलटली. ‘हॉबीज?’ मी म्हणालो, वाचन. ‘शेवटचं पुस्तक?’ मी विहारातून आणलेलं ‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’ वाचत होतो. ते नाव गिळलं आणि एका विज्ञानाच्या मासिकाचं नाव थुंकलं. थँक यू. संपलं. लाव्ह्याच्या पिंजऱ्यासारखी ती खोली, दार सताड उघडं आणि पाखरू आत.

घरी आलो. बापाने विचारलं, ‘काय इचारलं रं?’

‘तुमच्याबद्दल विचारलं.’

‘मंग? काय सांगितलंस?’

‘खरं तेच सांगितलं.’

बाप खूश होऊन झोपला. ती सीट मिळाली नाही, त्याचं दुःख कधीच संपलं. पुढे सीईटीच्या मार्कांवर आपल्याच राज्यात सीट मिळाली, डॉक्टर झालो. पण त्या रात्रीचं खोटं अजून पोटात आहे. ते कुठल्या एक्स-रेत दिसत नाही.

आता मुद्द्याचं बोलतो. ह्या प्रश्नाला ते ‘मोकळा प्रश्न’ म्हणतात. मोकळा कुणासाठी? ज्याच्या घरी आजोबा डॉक्टर, ज्याची आई इंग्रजीत रागावते, ज्याला ट्रेकिंग आणि सतार ठाऊक, त्याच्यासाठी मोकळा. त्याचं उत्तर जन्मल्यापासून घरात तयार असतं. आमच्या पोराला त्याच प्रश्नात जात, वस्ती, बापाचा धंदा, सगळं एका वाक्यात कबूल करावं लागतं. त्याला सांगणं म्हणत नाहीत, त्याला कबुलीजबाब म्हणतात.

हे माझ्या एकट्याचं रडगाणं नाही. श्रीनगरच्या रिजनल इंजिनिअरिंग कॉलेजात लेखीला १०० मार्क होते आणि मुलाखतीला ५०. पोरांनी कोर्टात सांगितलं, मुलाखत दोन-तीन मिनिटांची, आणि प्रश्न काय, तर आईबाप कोण, राहता कुठे. १९८० च्या नोव्हेंबरात अजय हसिया खटल्यात सुप्रीम कोर्ट म्हणालं, एक तृतीयांश मार्क मुलाखतीला देणं मनमानी आहे, १५ टक्क्यांच्या वर जाऊ नका. मुलाखत टेप करून ठेवा, असंही सुचवलं. त्याआधी १९६४ मध्ये म्हैसूरच्या मेडिकल-इंजिनिअरिंगसाठीचे मुलाखतीचे २५ टक्के याच कोर्टाने मान्य केले होते. म्हणजे न्यायाधीशांनाही हे कळायला सोळा वर्षं लागली.

दिल्लीच्या एम्सबद्दल थोरात समितीचा अहवाल २००७ चा. तोंडी परीक्षेत परीक्षक आडून-थेट जात काढतात, असं आमच्या पोरापोरींनी त्यात सांगितलं. नीट आली, मेडिकल प्रवेशाच्या बहुतेक मुलाखती गेल्या. पण पुण्याच्या ए.एफ.एम.सी.ला अजून आहे. यूपीएससीला २०२५ पैकी २७५ मार्कांची आहे. पीएचडीला आहे. खोली बदलली, टेबल तेच.

कोणी म्हणेल, नुसत्या मार्कांवर डॉक्टर करायचा? काळीज बघायचं नाही? बघा की! नीटची आरती आम्हीही ओवाळत नाही. क्लासची लाखांची फी भरणाराच तिथेही पुढे जातो. प्रश्न विचारायलाही आमची ना नाही. केळुसकर गुरुजींनी तरुण भीमरावाला सयाजीरावांपुढे नेलं, तेव्हा महाराजांनीही प्रश्नच विचारले होते. उत्तरं ऐकली आणि महिना २५ रुपयांची स्कॉलरशिप दिली. फरक एवढाच, की तिथे विचारणाऱ्याला ऐकायचं होतं. ज्याला ऐकायचं असतं, त्याच्यापुढे माणूस खोटं बोलत नाही.

म्हणून मागणी साधी आहे. सगळ्यांना तेच प्रश्न विचारा. बापाचा धंदा विचारू नका. मुलाखत रेकॉर्ड करा. कुठल्या उत्तराला किती मार्क, ते पोराच्या हातात द्या. टेबलापलीकडे आमचाही माणूस बसवा. यातलं अर्धं कोर्टाने सुचवून चाळीस वर्षं उलटली. भीक मागत नाही, थकबाकी मागतोय.

आणि आपल्यातल्या शहाण्यांनो, तुम्हालाही सोडत नाही. आडनाव बदल, वस्तीचं नाव घेऊ नको, चाळ म्हणू नको सोसायटी म्हण, हे पोरांना शिकवणारे आपणच. मीही त्यातलाच एक. त्या चौघांनी माझा बाप खोडला नाही. तो मी खोडला. त्यांनी फक्त रबर हातात दिलं.

आता कोणी विचारावंच, डॉक्टर का झालास? १ नोव्हेंबर २०१८. कल्याण पूर्वेला चक्कीनाक्याजवळची विहीर. साफ करायला एक माणूस उतरला, वर आला नाही. त्याच्यामागे उतरलेलेही आले नाहीत. पाच माणसं गेली, त्यात दोन फायर ब्रिगेडचे जवान. विषारी वायू. त्या दिवशी मला माझा बाप दिसला, आयुष्यभर चेंबरमध्ये श्वास रोखून उतरणारा. त्याची फुप्फुसं मला कळावीत म्हणून मी डॉक्टर झालो. हे उत्तर माझ्याकडे २०११ लाही होतं. त्याला त्या टेबलावर किती मार्क मिळाले असते?

पोरांनो, उद्या तुम्हाला आत बोलावतील. ‘तुमच्याबद्दल काही सांगा’ म्हणतील. बापाचं काम पहिल्या वाक्यात सांगा. मान वर ठेवून सांगा. मार्क कापायचे तर कापू देत, रात्री घरी जाऊन बापाच्या तोंडाकडे तरी बघता येईल.