वणव्यापूर्वीची मदत

फेब्रुवारी २०१९ च्या अखेरच्या आठवड्यात बंडीपूरच्या जंगलात वणवा भडकला, तेव्हा बसवनगुडीतील आमच्या शाखेत काउंटरपलीकडून एकच प्रश्न येत असे : मदत कोठे पाठवायची? बंगळूर व म्हैसूर येथून स्वयंसेवक धावून गेले. वायुदलाच्या हेलिकॉप्टरांनी वरून पाणी ओतले. तरीही राष्ट्रीय सुदूर संवेदन केंद्राच्या उपग्रह-पाहणीनुसार सुमारे ४,४२० हेक्टर क्षेत्र जळाले. लोकांची तळमळ खरी होती, याविषयी शंका नाही. मात्र अशी मदत आग दिसल्यावरच का येते, हा प्रश्न मला पडला तो घरच्या अनुभवाने.

मार्च २०२२ मध्ये राजापूर तालुक्यातील आमच्या काकांची काजूची बाग एका दुपारी जळाली. वेंगुर्ला-४ जातीची १४० कलमे, ऐन हंगाम आणि झाडांखाली वाळक्या पाल्याचा थर. काजूच्या टरफलातील तेल ज्वालाग्राही असते; खाली पडलेल्या बिया तडतडत पेटत होत्या, असे काकू सांगतात. वाडीतील वीस-पंचवीस माणसे जांभळीच्या ओल्या डहाळ्या आणि भिजवलेली गोणपाटे घेऊन धावली. घर वाचले, गोठा व साठविलेला पेंढा गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी प्रत्येक घरातून एकेक भारा पेंढा आमच्या अंगणात येऊन पडला आणि पावसाळ्यापर्यंत बैल त्यावर तगले. वरच्या सड्यावर गवत कोणी पेटविले, हे वाडीत सर्वांना ठाऊक आहे. गवत जाळले की पुढच्या वर्षी ते जोमाने येते, ही समजूत जुनीच. ते गृहस्थ आग विझविणाऱ्यांत सर्वांच्या पुढे होते. काकांनी त्यांचे नाव कधी उच्चारले नाही.

मी येथून पैसे पाठविले. हवामानावर आधारित फळपीक विमा पाऊस, तापमान अशा निकषांवर चालतो. वणवा त्यात बसत नाही. तेव्हा पैशांची गरज होतीच. पण नवे कलम भरवशाचे उत्पन्न देऊ लागेपर्यंत चार-पाच वर्षे जातात, आणि तेवढा काळ कोणतीही मदत विकत घेऊ शकत नाही.

त्याच वर्षीच्या डिसेंबरात वाडीने बागांभोवती जाळरेषा काढली. हे काम अवघड नाही. दहा-बारा फूट रुंदीचा पट्टा गवत कापून, पाला ओढून मोकळा करावयाचा. पुढे सरकणाऱ्या आगीला तेथे खावयास काही उरत नाही. वनखातेही जंगलात हेच करते. आमच्या वाडीस दोन दिवस लागले. बागायतीच्या कर्जासाठी जागेची पाहणी करताना आम्ही अधिकारी विहीर पाहतो, कुंपण पाहतो, कलमे मोजतो. जाळरेषेविषयी मी स्वतः एकाही कर्जदारास कधी विचारले नव्हते. हा प्रश्न पाहणीच्या वेळी विचारला जावा आणि तिच्या मजुरीचा खर्च बागेच्या वार्षिक खर्चात धरला जावा, असे माझे मत आहे. रक्कम किरकोळ असते. पण ती कागदावर आली की कामही डिसेंबरात होते.

एक अडचण मात्र पैशाने सुटत नाही. कोकणातील कितीतरी सातबाऱ्यांवरची माणसे गावात राहत नाहीत. काकांच्या बागेच्या उत्तरेस अशीच एक पडीक जमीन आहे; कमरेएवढे गवत वाळून उभे असते. जाळरेषा तिच्या हद्दीपाशी येऊन थांबली, कारण परवानगीवाचून दुसऱ्याच्या जमिनीत कोयता कोणी चालवावा? त्या जमिनीच्या सातबाऱ्यावर सात नावे आहेत. पाच मुंबईस, एक पुण्यास आणि सातवे माझे. मी संमतिपत्र पाठविले ते फेब्रुवारीत, म्हणजे दोन महिने उशिरा. उरलेल्या सहाजणांना मी आता दर वर्षी दिवाळीतच दूरध्वनी करतो.