खाट सोडली म्हणजे सेवा सोडली?

एखाद्या परिचारिकेने पंधरा-वीस वर्षांच्या रात्रपाळ्यांनंतर उपकेंद्रातील, लसीकरणाचे वा अध्यापनाचे काम स्वीकारले, की आपल्या धर्मग्रामांत कुजबुज सुरू होते : ‘सिस्टर आता आरामाच्या जागी गेल्या!’ जणू रुग्णाची खाट हेच सेवेचे एकमेव स्थान आणि तिच्यापासून दूर पडलेले प्रत्येक पाऊल म्हणजे पलायन! हा समज जितका भाबडा, तितकाच अन्यायकारक आहे.

परिचर्येचा आदर्श म्हणून आपण ज्यांचे नाव घेतो, त्या फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांचेच चरित्र पाहा. क्रिमियन युद्धातील जखमींच्या शुश्रूषेसाठी त्या १८५४ साली स्कुटारीला गेल्या आणि १८५६ साली परतल्या. दिवा हाती घेऊन खाटांमधून फिरण्याचा तो काळ दोन वर्षांचाही नव्हता. १९१० साली निधन होईपर्यंतचे त्यांचे कार्य म्हणजे आकडेवारी, अहवाल, १८६० साली स्थापन केलेली परिचर्या शाळा आणि हिंदुस्थानातील सार्वजनिक आरोग्याचा ध्यास. त्यांनी सेवा सोडली, असे म्हणण्याचे धाडस कोण करील?

आता आपल्या महाड-पोलादपूरकडे वळू. विंचूदंशाने येथे माणसे दगावत. बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात १९७६ पासून काम करणारे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी प्राझोसिन या साध्या गोळीचा उपयोग सिद्ध केला आणि गंभीर रुग्णांतील मृत्यूचे सुमारे ४० टक्के प्रमाण १ टक्क्यापर्यंत खाली आले. मात्र ही गोळी वेळेवर पोटात गेली पाहिजे. मांत्रिकाच्या दारी दवडलेले तास खाटेपाशी उभी असलेली सिस्टर परत आणू शकत नाही. ते वाचवते वाडीवर जाऊन लोकांना आधीच सावध करणारी आरोग्य सेविका. डोंगराळ भागात ३,००० वस्तीमागे एक उपकेंद्र हा निकष आहे. पण ही वस्ती एका गावात नसते, ती डोंगरभर विखुरलेली असते. २२ जुलै २०२१ रोजी तळिये गावावर दरड कोसळून ८०हून अधिक जीव गेले. अशा आपत्तीनंतर पिण्याचे पाणी निर्जंतुक करणे, लेप्टोस्पायरोसिसपासून लोकांना जपणे, गरोदर स्त्रियांचा माग ठेवणे, यांत ‘आराम’ कोठे दिसतो?

‘अनुभवी हात निघून गेल्यावर खाटेवरच्या रुग्णाने काय करावे?’ हा आक्षेप मात्र रास्त आहे. पण त्याचा जाब त्या परिचारिकेला का विचारता? अधिपरिचारिकेची परिसेविका होते, परिसेविकेची पुढे अधिसेविका. बढतीची प्रत्येक पायरी तिला रुग्णापासून दूर नेते. खाटेपाशीच राहून जिचे कौशल्य वाढते, तिच्या पदरात त्या प्रमाणात ना मान पडतो ना वेतन. रुग्णालये चालविणाऱ्यांनी, मग ते शासन असो वा आपल्या संस्था, आधी हा दोष दूर करावा. मग त्यागाचे पाठ द्यावेत.

खुर्चीच्या मोहाने केलेला बदल आम्ही गौरवीत नाही. वहीतले रकाने भरून वाडीचे तोंड न पाहणारी सेविका खाटेपाशी असती, तरी रुग्णापासून दूरच राहिली असती. म्हणून आपल्या लेकीसुनांनी असा बदल केला, तर ‘वॉर्ड का सोडला?’ असे विचारू नका. ‘आता तू कोणापर्यंत पोहोचतेस?’ असे विचारा. या एकाच प्रश्नाने सेवेची पारख होते.