नेतृत्वाची शिबिरे आणि मतदारयादी

मुस्लिम व स्थलांतरित तरुणांसाठी नेतृत्वविकासाची शिबिरे भरतात. हेतूविषयी शंका नको. पण वाघोलीच्या दगडखाणींवर राबणाऱ्या कुटुंबातील मुलाला आधी हवे ते मतदारयादीत नाव. कायदा घराच्या मालकीची अट घालत नाही, नेहमीचे वास्तव्य पुरते. तरीही खाण बदलली की पत्ता बदलतो आणि नाव राहून जाते. त्यात 2021च्या जूनअखेर वाघोली पुणे महापालिकेत गेली, ग्रामपंचायत संपली आणि मार्च 2022नंतर काही वर्षे महापालिकेत नगरसेवकच नव्हते. गाऱ्हाणे न्यावे कोणाकडे?

मुस्लिम तरुणांपुढील वस्तुपाठ तर पुण्याचाच आहे. हमीद दलवाईंनी 1966 साली 7 मुस्लिम महिलांचा मोर्चा मुंबईत काढला; 1970 साली पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळ स्थापिले. त्यांनी जमातीसाठी वेगळे काही मागितले नाही, समान नागरी कायदा मागितला. (त्यांची सर्वच मते आमच्या पचनी पडली असती असे नव्हे!) धर्म पाहून निवडलेल्या तरुणांचे शिबिर त्यांना पुन्हा जमातीचेच प्रतिनिधी बनविते. त्यापेक्षा सोसायटीतील आणि खाणीवरील मुलांसह त्यांना वस्तीच्या पाण्याचा एकच अर्ज लिहू द्यावा. सोबत मतदार नोंदणीचे नमुना 6चे कोरे अर्ज न्यावेत. 2022पासून वर्षातून 4 अर्हता दिनांक आहेत.