दफ्तर गावाचे, किल्ली कोणाकडे?

धाराशिव हे नाव या नगरीला पुन्हा प्राप्त झाले, त्याला आता काही वर्षे लोटली. फेब्रुवारी २०२३मध्ये केंद्र सरकारने नामांतरास संमती दिली, त्याच वर्षी राज्य शासनाने शहर आणि जिल्हा या दोहोंसाठी अधिसूचना काढल्या आणि मे २०२४मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्याविरुद्धच्या याचिका फेटाळून लावल्या. तरीही रेल्वे स्थानकाला हे नाव मिळायला २०२५ साल उजाडले आणि २०२४ची लोकसभा निवडणूक तर ‘उस्मानाबाद’ याच नावाच्या मतदारसंघात लढवली गेली. यात कोणाचा हलगर्जीपणा शोधण्याचे कारण नाही. नाव एक असले तरी ते जपणारी दफ्तरे अनेक आहेत आणि प्रत्येक दफ्तराचा धनी वेगळा, नियम वेगळा, यंत्रणाही वेगळी आहे. अख्ख्या जिल्ह्याच्या नावाची ही कथा, तर त्या जिल्ह्यातील एखाद्या अल्पभूधारकाच्या नावाची काय कथा असेल?

त्याच्या जन्माची नोंद एका प्रणालीत, घराची ग्रामपंचायतीच्या नमुना ८मध्ये, शेताची सातबाऱ्यावर, घरकुलाची आणखी एका संकेतस्थळावर आणि रोजगार हमीची भलतीकडेच. यांपैकी एका ठिकाणी आडनावातली वेलांटी चुकली की त्या गरिबाचे तालुक्याला खेटे सुरू होतात. संगणक आला, पण एका संगणकाचे दुसऱ्याला ठाऊक नाही.

विस्कळीत दफ्तराची किंमत मराठवाड्याइतकी दुसऱ्या कोणी क्वचितच मोजली असेल. निजामी राजवटीत सरकारी कामकाज उर्दूत चाले. मराठी बोलणाऱ्या रयतेला स्वतःच्याच जमिनीचा कागद वाचता येत नसे. सप्टेंबर १९४८मध्ये मराठवाडा मुक्त झाला, पण ती दफ्तरे कपाटांतच पडून राहिली. २०२३मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीच्या कामासाठी कुणबी नोंदी शोधायची वेळ आली, तेव्हा मोडी आणि उर्दू जाणणाऱ्यांची शोधाशोध करून गावोगावची दफ्तरे उलगडावी लागली. ज्याचे दफ्तर ज्याच्या हाती नाही, त्याचा हक्कही दुसऱ्याच्या मर्जीवर अवलंबून राहतो, हा त्यातील धडा आहे.

धाराशिव जिल्ह्यात आठ तालुके, सहाशेहून अधिक ग्रामपंचायती आणि लहानमोठ्या दहा नगरपरिषदा व नगरपंचायती आहेत. २०१८मध्ये केंद्र शासनाने देशातील मागास जिल्हे ‘आकांक्षित’ म्हणून निवडले, त्यांत महाराष्ट्रातील चार जिल्ह्यांमध्ये याचा समावेश झाला. भूम-परंड्याकडच्या एखाद्या छोट्या ग्रामपंचायतीने स्वतःचा संगणकतज्ज्ञ नेमावा, स्वतःची प्रणाली तयार करावी, तिची राखण करावी, हे शक्य नाही. म्हणून अनेक संस्थांनी मिळून एकच तांत्रिक सेवा उभारायची आणि खर्च वाटून घ्यायचा, हा विचार तत्त्वतः निर्दोष आहे. प्रश्न आहे तो तो कसा राबवला गेला याचा.

२०११मध्ये राज्यात ‘संग्राम’ म्हणजे संगणकीय ग्रामीण महाराष्ट्र हा प्रकल्प सुरू झाला. राज्य शासन आणि टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस यांच्या संयुक्त ‘महाऑनलाईन’ कंपनीकडे त्याची धुरा होती. ग्रामपंचायतीत संगणक आला, संगणक परिचालक नावाचा तरुण त्यासमोर बसू लागला आणि दाखला गावातच मिळू लागला, हे त्याचे श्रेय नाकारता येणार नाही. डिसेंबर २०१५च्या अखेरीस तो करार संपला. २०१६मध्ये ‘आपले सरकार सेवा केंद्र’ या नावाने नवी व्यवस्था आली, कामही नव्या कंपनीकडे, केंद्राच्या ‘सीएससी ई-गव्हर्नन्स’कडे गेले. प्रत्येक केंद्रासाठी दरमहा १२ हजार ३३१ रुपये, म्हणजे वर्षाला जवळपास दीड लाख, ग्रामपंचायतींच्या वित्त आयोगाच्या निधीतून द्यायचे ठरले.

वित्त आयोगाचा निधी हा गावाचा हक्काचा पैसा. त्यातून गटार व्हायची, पाण्याची टाकी व्हायची, अंगणवाडीचे छप्पर शाकारले जायचे. तो पैसा संगणकासाठी खर्च झाला, याबद्दल तक्रार असू नये. मात्र पैसा गावाचा असताना कंपनी कोणती, दर किती, करार कोणत्या अटींवर, परिचालकाच्या हाती किती पडणार, यांतले काहीही ठरवण्याचा अधिकार गावाला नव्हता. भागीदारीत दोन गोष्टी असतात, वाटा आणि आवाज. इथे वाटा घेतला गेला आणि आवाज विसरला गेला.

याची सर्वाधिक झळ बसली ती परिचालकांना. मानधन वाढावे, ते वेळेवर मिळावे आणि ग्रामपंचायतीच्या आकृतिबंधात आपल्याला स्थान मिळावे, यासाठी राज्यभरातील परिचालकांनी वारंवार काम बंद ठेवले, विधिमंडळावर मोर्चे नेले. ज्या दिवशी तो मोर्चाला जातो, त्या दिवशी गावातील विधवेचा रहिवासी दाखला अडतो. तिने दाद मागायची कोणाकडे? सरपंच म्हणणार, तो आमचा नोकर नाही. कंपनी म्हणणार, धोरण शासनाचे. शासन म्हणणार, नियुक्ती कंपनीची.

मराठी गावाला सामायिक सेवा ही काही नवी गोष्ट नव्हे. सुतार, लोहार, कुंभार साऱ्या गावाचे काम करीत आणि सुगीला खळ्यावर आपले बलुते घेत. त्या व्यवस्थेतील जातीची उतरंड त्याज्यच होती आणि ती गेली, हे उत्तमच झाले. पण तिच्यातील एक सूत्र आजही घेण्याजोगे आहे: बलुते ज्या गावाचे, जाब विचारायचा अधिकारही त्याच गावाचा. आजच्या परिचालकाचे बलुते गाव देते आणि त्याचा धनी मात्र दूर कुठे तरी बसतो.

मग वेगळा मार्ग आहे काय? आहे. कल्याण-डोंबिवली महापालिकेने एका खिडकीतून संगणकीय नागरी सेवा देण्याची जी पद्धत बसवली, तोच नमुना राज्यातील इतर नगरपालिकांसाठी स्वीकारला गेला. एकाने अनुभवातून घडवावे आणि इतरांनी ते वापरावे, ही खरी सामायिकता. केरळने १९९९मध्ये ‘इन्फर्मेशन केरळ मिशन’ स्थापन करून स्थानिक संस्थांसाठीच्या प्रणाली शासकीय यंत्रणेतच घडवायचे ठरवले. १ जानेवारी २०२४ला तेथील नागरी संस्थांत ‘के-स्मार्ट’ ही एकत्रित सेवा सुरू झाली आणि पुढे ग्रामपंचायतींपर्यंत पोहोचली. तेथील राजकारणाविषयी कोणाचे मत काहीही असो. गुण घेताना गाव विचारू नये.

महाराष्ट्रात यासाठी नवा कायदाही नको. ७४व्या घटनादुरुस्तीने जिल्हा नियोजन समिती निर्माण केली, ती ग्रामपंचायती आणि नगरपालिका यांच्या योजनांचा मेळ घालण्यासाठीच. नवरात्रात तुळजापुरात लाखोंचा जनसागर लोटतो, तेव्हा पाणी, स्वच्छता आणि रस्ते यांचा भार नगरपरिषदेबरोबर भोवतालच्या गावांवरही पडतो. दफ्तरे मात्र ग्रामविकास आणि नगरविकास या दोन खात्यांच्या दोन वाटांनी जातात. नियोजन समितीच्या देखरेखीखाली प्रत्येक तालुक्यात एक सामायिक तांत्रिक कक्ष उभारावा. त्याच्या कारभारात सरपंच आणि नगराध्यक्ष यांचे प्रतिनिधी असावेत. परिचालकाचे वेतन निश्चित असावे आणि करार बदलला तरी त्याची नोकरी बदलू नये. आणि सर्वांत महत्त्वाचे, कंपनी कोणतीही असो, गावाच्या नोंदींची संपूर्ण प्रत गावाच्याच मालकीची राहावी. तंत्रज्ञान भाड्याने घेता येते; दफ्तर भाड्याने देता येत नाही.

हे सारे मुंबईहून आपोआप येणार नाही. ग्रामसभा कायद्याने भरतेच. बहुतेकदा ती सह्यांपुरती उरते. गावातील शिकलेल्या तरुणांनी पुढच्या ग्रामसभेत तीन साधे प्रश्न विचारावेत: संगणकावर यंदा किती खर्च झाला? त्यातील परिचालकाला किती मिळाले? आणि उद्या करार संपला, तर आपल्या नोंदी कोठे असतील? नाव परत मिळवण्यासाठी या जिल्ह्याने दीर्घकाळ धीर धरला. दफ्तराच्या किल्लीसाठी तितकी वाट पाहावी लागू नये.